ज्वारीतल्या चकत्या

तेजश्रीचं बारसं झालं, त्याच वर्षी तिचा बाप पंडित ज्यात लिहायचा ते कॉम्प्युटरचं मासिक बंद पडलं. आता तेजश्री अकरावीला आहे. तिची आजी मुक्ताबाई ओसरीवर तोच शेवटचा अंक मांडीवर घेऊन बसली होती.

"आज्जी, एवढं जुनं वाचून काय नोकरी लागणार हाय का तुला?"

"गप गं. तुझ्या बापाचं नाव शोधायलेय."

साठी उलटल्यावर मुक्ताबाई प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली, ती या अंकांसाठीच. पंडित तिचा एकुलता एक लेक. तो या मासिकात लिहायचा. एकेकाळी अंक विटेएवढा जाड यायचा, सोबत चकचकीत सीडी. तो बघायला साऱ्या तलवाडा गावची पोरं ओसरीवर दाटी करायची. पुढं नेट आलं. अंक पापडासारखा झाला, सीडी तेवढी येत राहिली, आणि एक दिवस अंक यायचाच थांबला. मुक्ताबाईनं सगळे अंक कडुनिंबाचा पाला घालून पेटीत जपले. त्या पेटीला घरात कुणी हात लावत नसे. सीड्या मात्र फुकटच्या. त्या तिनं ज्वारीत दोऱ्याला टांगल्या. वाऱ्यावर लखलखल्या की पाखरं बुजायची. दर सुगीला त्याच चकत्या.

बोट सरकता सरकता थांबलं. नाव सापडलं. घरच्या कॉम्प्युटरवर आपला आवाज कसा भरावा, असा लेख होता. खाली चौकट होती. मुक्ताबाईनं अक्षराला अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "लेखकानं आपल्या मुलीसाठी म्हटलेला पाळणा सोबतच्या सीडीत ऐका."

तेजश्रीचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"आज्जी, या अंकाची सीडी कुठंय?"

मुक्ताबाईनं नुसतं शेताकडं बोट केलं.

दोघी अनवाणीच पळत सुटल्या. ज्वारी हुरड्यात आली होती. तेजश्रीनं एकेक दोरा तोडला. उन्हानं वरचं छापील कधीच उडालं होतं. चांदी पोपडे धरून गळाली होती. कोणती कुठल्या अंकाची, काही कळायला मार्ग नव्हता. शेवटची चकती तिनं डोळ्यांपुढं धरली.

"आज्जी, आरपार आभाळ दिसायलंय गं."

मुक्ताबाई बांधावर मटकन बसली. तेजश्री तिच्याशेजारी टेकली. तिनं हळूच विचारलं,

"कसा होता गं पप्पांचा आवाज?"

पंडित दोन हजार नऊच्या पोळ्याला गेला. तेजश्री तेव्हा पाळण्यात होती.