तांदळातलं नाव

बायकोच्या साठीला काय करायचं, ते श्यामकांतांनी मनाशी पक्कं केलं होतं. भार्गवनं, त्यांच्या मुलानं, तेलीबांध्याला हॉटेल ठरवलं, केक सांगितला. यांचं सगळं लक्ष मात्र बोटात रुतून बसलेल्या लग्नाच्या अंगठीकडे. साबण झाला, खोबरेल झालं. बोट गेलं तरी चालेल, अंगठी निघालीच पाहिजे!

"काहून इतका वेळ लावून राहिले बाथरूममध्ये?" विजया दार वाजवायची.

"येतो ना!"

वाढदिवसाच्या सकाळी अंगठी निघाली एकदाची. त्यांनी विजयाला पाटावर बसवलं, पुढ्यात तांदळाचं ताट ठेवलं आणि लग्नात लिहिलं होतं तसंच अंगठीनं तांदळात नाव लिहिलं. सगळे वाकून बघू लागले.

'शैला'.

"आजोबा, ये शैला कौन है?" नात ओरडली. सुनेला हसू आवरेना, भार्गवचा चेहरा पडला. श्यामकांत बायकोकडेच बघत होते.

विजयानं ताट अलगद मांडीवर ओढून घेतलं.

"मीच गं ती. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत." मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "आता हे पुसू नका."