पार्सल मिळणार नाही

मे महिन्यातली भर दुपार, आणि हिंदुरावांच्या खानावळीत चौदाच्या चौदा टेबलं रिकामी. मटण महागलेलं, उन्हानं माणूस बाहेर पडेना, आणि गिऱ्हाईक म्हणे हल्ली मोबाइलवरून घरीच जेवण मागवतं.

"रस्सा चुलीवरनं थेट वाटीत पडला पाहिजे," असं म्हणत त्यांनी वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती: 'पार्सल मिळणार नाही.' ती अजून गल्ल्यामागे लटकत होती.

आज मात्र त्यांना राहवेना. सगळं कोल्हापूर ज्याचं नाव घेतंय, त्या 'माहेरचा रस्सा'चं पितळ उघडं पाडायचंच म्हणून त्यांनी मोबाइलवर एक मटण ताट मागवलं. पत्ता दिला खानावळीचाच. आत स्वयंपाकघरात पातेली खणखणत होती. गिऱ्हाईक नसताना ही एवढी कशाला राबते, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

थोड्या वेळानं पडदा सरकला. बायको पदराला हात पुसत आली आणि तिनं एक गरम पुडकं गल्ल्यावर ठेवलं. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर त्यांचंच नाव.

हिंदुरावांनी नावाखालची ओळ वाचली: 'माहेरचा रस्सा'.

"नाव वाचलं," ती म्हणाली. "म्हटलं, पाच पावलांसाठी त्या गाडीवाल्याला कशाला हेलपाटा?"

"हे... कधीपासनं?"

"दिवाळीपासनं. तुमच्या पाटीला हात लावला नाही हो मी. सगळं मागच्या दारानं जातं. आता नुसते बघत बसू नका, आत चला. अजून अकरा पार्सलं बांधायची राहिलीत."