सपाट रेघ

"आजी, हात काढा," कान तपासणाऱ्या ताई तिसऱ्यांदा म्हणाल्या. आजींनी नातवाला थोपटणं थांबवलं आणि बाळ किती गुणी आहे ते आपल्या मुलाला सांगायला सुरुवात केली.

ताईंच्या डोक्याला ताप झाला होता. झोपलेल्या बाळाच्या कानांत यंत्र दोन मऊ नळ्यांतून एकसारखे दोन हजार ठोके वाजवतं. एका ठोक्याला मेंदूचं उत्तर इतकं बारीक, की गोंगाटात सापडतच नाही. दोन हजारांची सरासरी काढली की गोंगाट आपसात जिरतो आणि पडद्यावरच्या रेघेत एक उंचवटा उरतो. पण मध्येच कोणी थोपटलं, बाळ हललं, की पहिले पाढे पंचावन्न. सकाळपासून दोनदा तेच झालं होतं, आणि आजी सांगत होत्या की आमच्या घरात सगळ्यांचेच कान तिखट.

शेवटी ताईंनी बाळाची मान स्वतःच वळवली, उशी सारखी केली आणि सगळ्यांना दम भरला. या खेपेला कोणी खोकलंसुद्धा नाही. दोन हजार ठोके संपले. रेघ सपाट होती.

बाळाला ऐकू येत नसावं, हे त्यांनी एकदाचं सांगून टाकलं. आई बाळाचं पाऊल मुठीत धरून बसून राहिली. वडील पुन्हा पुन्हा विचारत होते, यंत्र जुनं आहे का. यंत्राला काही धाड भरलेली नाही, ताई त्रासून म्हणाल्या, आणि सामान आवरायला त्यांनी बाळाचं डोकं उचललं.

कानांकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या मानेखाली दुमडून चपट्या झाल्या होत्या. एकही ठोका आत पोचला नव्हता. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा करते."

"पुन्हा तेच सांगणार असाल तर नको," आई म्हणाली. पण नळ्या तिनेच सरळ करून धरल्या.

चारशे. सहाशे. आठशेच्या सुमारास रेघ एका जागी किंचित वर उचलली गेली. ताईंना राहवेना. त्या आईकडे वळून काही बोलणार, तोच आजींनी त्यांचा दंड धरला.

"थांबा," त्या हळूच म्हणाल्या. "दोन हजार होऊ देत."