ऑकलीचं शतक

फॅरंट साहेब हौसेखातर क्रिकेट खेळत, म्हणून त्या काळच्या मानपानाप्रमाणे ते पॅव्हिलियनच्या पायऱ्या उतरून मैदानात येत. त्यांचा जोडीदार ऑकली पोटासाठी खेळे, म्हणून तो बाजूच्या फाटकातून येई. धाव घेताना घोटाळा झाला, की चूक कुणाचीही असो, बाद ऑकलीनेच व्हायचं, असा अठरा वर्षांचा रिवाज होता. साहेबांच्या अशा घोटाळ्यांपायी तो तीनदा नव्वदीत बाद झाला होता. शतक त्याच्या नावावर एकही नव्हतं.

आपल्या शेवटच्या सामन्यात ऑकली अठ्ठ्याण्णववर होता. साहेबांनी धाव मागितली, अर्ध्यात विचार बदलला आणि दोघेही एकाच टोकाला आले.

"थांब तू इथंच. आज मी जातो," असं म्हणून साहेब दुसऱ्या टोकाकडे धावले आणि बाद झाले.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. साहेब छाती काढून पायऱ्या चढले आणि ऑकलीचं शतक बघायला वळले, तर मैदानात दोन नवे फलंदाज उभे होते.

साहेब तडक फाटकाजवळच्या खोपटात गेले. ऑकली पॅड सोडून बिअर पीत बसला होता.

"अरे गाढवा, बाद मी झालो! तू कशाला आलास?"

ऑकली अदबीने उठून उभा राहिला.


"पंचांनी बोट वर केलं, साहेब. कुणासाठी, हे आजवर कधी बघावं लागलं नव्हतं."