त्रिएस्तेची यादी

"तोन्काच्या पोराची जीन्स, कंबर बत्तीस," ब्लाझ वाचत होता. "तिच्या बहिणीची अठ्ठावीस. पण पोट सुटलंय तिचं, तीस लिही. कॉफी पाच किलो. आणि डायरेक्टरीणबाईंचा रेनकोट. निळा, सळसळणारा. तो आधी घ्यायचा."

नेवेन्का लिहीत होती. शनिवारी पहाटे युगोस्लाव्हियातल्या बेलोवारहून बस सुटणार होती, रविवारी परत. सात वर्षं ती दोघं नवराबायको जूनमध्ये, इकडे न मिळणारा माल आणायला, हद्दीपलीकडे इटलीतल्या त्रिएस्तेला जात होती. त्यांचं आवडतं शहर. बाजारातल्या कुठल्या गाळ्यावर माल खरा आणि कुठल्या गाळ्यावर शिवण उसवते, हे नेवेन्काला तोंडपाठ होतं. म्हणून तर अख्ख्या इमारतीच्या चिठ्ठ्या तिच्याकडे यायच्या.

"झालं," ब्लाझ म्हणाला. "तुझं काय लिहायचं?"

हा प्रश्न तो दरवर्षी विचारायचा आणि ती दरवर्षी म्हणायची, बघू तिथं गेल्यावर.

"मला समुद्रात जायचंय," नेवेन्का म्हणाली.

"समुद्र बघतोच की आपण. घाट उतरताना बसमधून किती छान दिसतो."

"दिसतो. मला आत जायचंय."

ब्लाझ हसला. "बरं, बाजार उरकला की जाऊ."

"सात वर्षं उरकतोय. उरकत नाही, ब्लाझ. शेवटी बस गाठायला पळतो आपण." तिने पेन्सिल खाली ठेवली. "या खेपेला बाजार नको."

"पाय भिजवायला बाजार सोडायचा? आणि डायरेक्टरीणबाईंना काय सांगायचं? कारखान्याच्या घरांची यादी त्यांच्या नवऱ्याच्या टेबलावर पडलीय. दोन खोल्या, नेवेन्का! न्हाणीघर घरात! रेनकोटासाठी घालवायचं ते?"

आपल्याला नेमकं काय झालंय, ते नेवेन्कालाही धड सांगता आलं नसतं. गेल्या रविवारी ती कपाट आवरत होती. सात वर्षांतलं तिचं स्वतःचं असं त्यात काय आहे, ते तिने शोधलं. एक छत्री निघाली. तीही तोन्काने नाकारलेली.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठ्या परत करायला निघाली. तोन्का दारातच ओरडली, "डोकं फिरलं का गं तुझं? पोराने मित्रांना सांगून ठेवलंय!" तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने चिठ्ठी घेतली आणि दार लावून टाकलं. डायरेक्टरीणबाईंनी मात्र आवाज चढवला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "असं होय. ठीक आहे." ते सगळ्यांत वाईट होतं. घर पुढे मिळालं, पण तीन वर्षांनी. आणि आपल्याला कधी घर मिळेल याची त्या दिवशी तरी दोघांनाही खात्री नव्हती.

ब्लाझने बोलणंच टाकलं. शनिवारी बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला. झोप लागली नव्हती, पण डोळे मिटलेलेच होते. मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "राणीसरकार जलविहाराला निघाल्यात." बस हसली. नेवेन्काने भाकरीचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने घेतलं नाही.

त्रिएस्तेला उतरल्यावर सगळे रिकाम्या पिशव्या घेऊन बाजाराकडे धावले. ती दोघं उलट्या दिशेने चालू लागली. शहराबाहेर किनाऱ्याला लागून लांबच लांब सिमेंटचा कट्टा होता. इटालियन बायका त्यावर निवांत पहुडल्या होत्या. ब्लाझ बुटांसकट, कोटासकट कट्ट्यावर बसला आणि त्याने पाण्याकडे पाठ केली.

नेवेन्काने फ्रॉक काढून त्याची घडी घातली. आत जुना काळा पोहण्याचा पोशाख होता, खांद्याशी रफू केलेला. ती लोखंडी शिडीने खाली उतरली. पाणी गार होतं. छातीपर्यंत आलं तेव्हा मागून हाक आली. ब्लाझ उठून उभा राहिला होता.

"बास! तिथंच थांब! अगं, पुढं खोल आहे, नेवेन्का!"

ती पुढे गेली.

रविवारी दुपारी हद्दीवर बस थांबली. जकातीचा अधिकारी आत चढला. जकात चुकवायला उकाड्यातही बायका एकीवर एक दोन-दोन जीन्स घालून ताठ बसल्या होत्या. एकाच्या शर्टातून कॉफीचा वास येत होता. अधिकाऱ्याने नेवेन्काची पिशवी उघडली. ओला टॉवेल. अर्धी भाकरी. त्याने पिशवी उलटी केली, तळ चाचपला.

"माल कुठंय?"

"नाहीये," नेवेन्का म्हणाली.

"खाली उतरा दोघं."

त्याने ब्लाझच्या कोटाची झडती घेतली, बूट काढायला लावले, पिशवीचे बंदसुद्धा दाबून पाहिले. अख्खी बस काचेला नाक लावून बघत होती. मागच्या सात वर्षांत या नाक्यावर ब्लाझने कधी मान वर केली नव्हती. कॉफी त्याच्याही शर्टात असायची, आणि बोलायचं काम नेवेन्काचं असायचं.

"दोन दिवस त्रिएस्तेत, आणि हात हलवत परत? मला काय येडा समजता?" अधिकारी तिच्यावर खेकसला. "काय करत होता तिथं?"

नेवेन्का उत्तर देणार, तेवढ्यात ब्लाझ पुढे झाला. पायात नुसते मोजे, पण मान ताठ. बसमधल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला,

"कट्ट्यावर बसून हिला बघत होतो, साहेब. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि माझ्या बायकोला पोहता येतं हे मला काल कळलं."