सदर सासू हयात आहे

कादंबरीतली सासू बॉम्बहल्ल्यात मेली. पण सूनबाईने ठरवून टाकलं, की असं काही घडलेलंच नाही.

तिचाही नाइलाज होता. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की अख्खी इमारत तळघरात पळायची आणि सासूबाई तेवढ्या खुर्चीला चिकटून बसायच्या. "गुडघे दुखतात. मरायचं तर माझ्या गादीवर मरेन." शेवटी सूनबाईने दूरच्या युद्धात सापडलेल्या एका कुटुंबाची नवीकोरी कादंबरी आणली आणि ती फक्त तळघरातच वाचून दाखवायची, असा नियम केला. त्यातली सासू भलतीच खाष्ट. तिच्यापायी सासूबाई कण्हत का होईना, जिना उतरू लागल्या.

तीच मेली तर या कशाला उतरतील? म्हणून सूनबाई पुस्तकात डोळे घालून मनचंच वाचू लागली. मेलेली सासू आता दारात आलेल्या सैनिकांना बूट बाहेर काढायला लावत होती.

आज मध्येच दिवे गेले. मिट्ट काळोखातही सूनबाईचं वाचन अडखळलं नाही.

"अंधारात बरं दिसतं गं तुला," सासूबाई म्हणाल्या. "ती मेली, हे मी परवाच चोरून वाचलंय. तू थांबू नकोस."

वर कुठेतरी धडाम झालं. उभा जन्म सरकारी कचेरीत टायपिंग केलेल्या सासूबाई खाकरल्या.


"आणि एक अर्ज लिहून घे. सदर सासू हयात असून तिला मारण्याचा निर्णय तातडीने रद्द करावा, ही विनंती. मूळ प्रत लेखकाला. एक प्रत वर, विमानात."