सर्व प्रवासी सुखरूप

बिडकीनच्या मालनबाईंची लेक सुजाता एअर होस्टेस होती. दुपारी टीव्हीवर तिच्याच विमानाची बातमी आली. आकाशात दुसरं विमान समोर आलं होतं. पण यंत्रानं इशारा देताच पायलटनं विमान झटकन खाली घेतलं आणि टक्कर टळली. सर्व प्रवासी सुखरूप होते.

मालनबाईंनी गल्लीभर साखर वाटली. तेवढ्यात सुजाताच्या सोबतिणीचा फोन आला. ती त्याच विमानात होती आणि हुंदके देत होती.

"आगं, आता रडती कामून? समदे वाचले नं!"

"मावशी, प्रवाशांनी पट्टे बांधले होते..."

मालनबाईंनी साखरेचा डबा खाली ठेवला.

"विमान खाली गेलं, तेव्हा एका आजोबांचा पट्टा लावून देत सुजाता उभी होती. डोकं छतावर आपटलं, मावशी. ती गेली."